काटा होता तिथंच

ज्यायले मेळघाट पाहाचा असन त्यायनं खुशाल जावं. सागाचं जंगल पाहावं, घाटातले माकडं पाहावे, सिपना नदीच्या काठावर बसून फोटो काढावे, सेमाडोहची रबडी खावी. फक्त माह्या मोठ्या बाबाच्या गाडीत बसून जाऊ नये. त्या गाडीत बसलेला माणूस जंगल पाहत नाही, काटा पाहते. अन् तो काटा हलत नाही.

मोठे बाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. मोर्शीजवळ त्यायचा संत्र्याचा बगीचा हाये, थोडी कपाशी, थोडी तूर. पोरगा एकच, गजूदादा. दादा तिशी पार करून गेला, कामाले वाघ, पण बोलाचं काम त्याच्या वाटचं बाप करते. "गजू, चहा घेतं का?" असं कोणी इचारलं तं मोठे बाबा सांगतात, "घेते न तो. साखर कमी." दादा कप धरते.

त्या दादासाठी अकोल्याची पोरगी पाहाले जाचं होतं. आता मोर्शीवरून अकोला म्हटलं तं अमरावतीवरून सरळ चार पदरी रस्ता. पण आमच्याकडे मामाशिवाय पोरगी पाहत नाहीत, अन् दादाचा मामा धारणीले मास्तर. मामाले बसनं अकोल्याले ये म्हणाची कोणाची हिंमत नाही, कारण मग तो लग्नातही तोंड फुगवून बसन. त्याले घराहून गाडीनं आणा लागते. म्हणून आमी अकोल्याले धारणीवरून गेलो. नकाशा काढून पाहा, म्हणजे आमच्या लोकायची अक्कल कुठून कुठे जाते ते दिसन.

अमरावती

मी नांदगाव पेठेत एका कापडाच्या कारखान्यात कामाले हाये, राहतो अमरावतीले. मले इथूनच उचललं. पांढरी गाडी, जुनी, मांगच्या सीटवर संत्र्याची पेटी, अन् समोर मोठे बाबा असे बसलेले जसे काही निवडून आले.

"ये बे, बस. मोर्शीवरून आलो, काटा पाह्य. हल्ला का?"

मी पाह्यलं. पेट्रोलचा काटा बरोबर अर्ध्यावर.

"मोठे बाबा, हा दिवाळीतही अर्ध्यावरच होता."

"मंग! मायलेज म्हणतात त्याले."

आता याच्यात मायलेजचं काही नाही. टाकीत एक फुगा असते, घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असते न, तसा. पेट्रोल कमी झालं का फुगा खाली, फुगा खाली का काटा खाली. तो फुगा अडकला, नाही तं वायर गेली, तं काटा मेला. मेला म्हणजे मेला. मेलेल्या माणसाले कोणी म्हणत नाही का पाह्य किती शांत झोपला, दम लागत नाही याले.

पण या काट्याचं मरण गावात कोणालेच समजलं नाही, त्याचं कारण गावाची रीत. आमच्या गावात गाडी एकाची नसते. लग्न असो, दवाखाना असो, साळ्याले स्टेशनवर सोडाचं असो, "भाऊ, जरा गाडी पाह्यजे होती." नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तं तुमच्या घरच्या मयतीले चार खांदे भेटणार नाहीत. मात्र नेणाऱ्यासाठीही एक कायदा हाये. काटा जिथं होता तिथं ठेवून गाडी आणून द्याची. अर्धी नेली, अर्धी आणा. लय इमानदार रीत हाये, मी हसत नाही. पण जवापासून काटा मेला तवापासून जो नेते तो इमानदारीनं पाहते, काटा तिथंच हाये, अन् एक थेंब न टाकता गाडी अंगणात लावून, चावी देऊन, वरतून म्हणते, "काय गाडी हाये हो काका!" अन् काका फुगतात.

याच्यावर मालकाचीही हुशारी हाये. मोठे बाबा टाकी कधीच फुल करत नाहीत. "टाकी फुल दिसली का गावाले जाग येते," म्हणतात. म्हणून आपल्या कामापुरतं टाकाचं, थोडं थोडं. म्हणजे नेणारा टाकत नाही, मालक भरत नाही, अन् काटा दोघायलेही शाबासकी देते.

"काल कोणी नेली होती?" मी इचारलं.

"शेजारच्यानं. वरुडले जाऊन आला. काटा होता तिथंच ठेवला," मोठे बाबा म्हणे.

मी दादाकडे पाह्यलं. दादा स्टेअरिंग पुसून राहिला होता.

पहिले दादाले शर्ट घेतला. मोठ्या बाबानं पसंत केला, मोठ्या बाबानं मापला, घालून मात्र दादाले पाह्याले लावला. मंग गिला वडा खाल्ला. अमरावतीत येऊन जो गिला वडा खात नाही त्यानं आलोच नाही असं समजावं. गरम वडा, त्याच्यावर दही, त्याच्यावर चटणी, खाताना कोपरापर्यंत ओघळ. पुण्याचा एक सायब आमच्या कारखान्यात आला होता, त्यानं काट्या-चमच्यानं खाल्ला. तो माणूस मंग जास्त दिवस टिकला नाही.

निघताना मी म्हटलं, "पेट्रोल भरू."

मोठे बाबा गाडीच्या मांगं गेले. डिक्कीले कुल्हा लावला अन् गाडी डावी-उजवी हलवली, कान लावून. आमच्याकडे बैल पारखतात तसे.

"आयकलं का? डबडब. भरपूर हाये."

"ते संत्रे डबडब करत असतीन."

"तू कारखान्यात कापड मोज," ते म्हणे. अन् बसले.

परतवाडा ते हरिसाल

परतवाड्याले पंप आला. मी म्हटलं, "मोठे बाबा, इथून समोर जंगल हाये."

"इथला पंपवाला आपल्या वळखीचा नाही."

पेट्रोल टाकाले वळख काहून लागते हे मले अजून समजलं नाही. शून्य पाहाचं, नळी बाहेर येतपर्यंत मीटरवरचे डोळे काढाचे नाहीत, एवढं केलं तं वळखीची गरज पडत नाही. पण आमच्या लोकायले मीटर पाहाची लाज वाटते अन् पंपवाल्याची जात इचाराची वाटत नाही.

घाट लागला तसं मोठ्या बाबानं वाघाचं सुरू केलं. त्यायनं मेळघाटात वाघ पाह्यला हाये. दरवेळी सांगताना वाघ वाढते. पहिले पट्टे होते, मंग गुरगुरला, या वेळी त्यानं मोठ्या बाबाले पाहून रस्ता सोडला. सेमाडोहले उतरून रबडी खाल्ली. द्रोणात चुलीवरची रबडी, धुराचा वास असलेली. एवढ्यासाठी जंगलात यावं, खरं सांगतो. पण तिथूनही निघताना कुल्हा, डबडब, "भरपूर हाये".

सेमाडोहच्या समोर थोडंसं गेलो अन् गाडीनं दोन हिचक्या देल्ल्या. दादानं ॲक्सिलेटर दाबला. तिसरी हिचकी लांब होती. मंग सगळं शांत. इतकं शांत का सागाचं एक पान टीनावर पडावं तसं रस्त्यावर पडलेलं आयकू आलं.

मोठ्या बाबानं काट्याकडे बोट देल्लं. "पेट्रोलचं नाही हे. दुसरंच काहीतरी हाये. अर्धी टाकी हाये न."

दादानं तोंड उघडलं. मले वाटलं आता बोलते. त्यानं संत्रं सोलून त्यात टाकलं.

अर्ध्या घंट्यानं धारणीकडे जाणारी जीप आली. भरलेली म्हणजे कशी, तं ड्रायव्हर स्वतःच अर्धा बाहेर. त्याची गाडी डिझेलची, आमची पेट्रोलची, म्हणून त्याच्याकडून थेंब घेता येत नव्हता. त्यानं मले टपावर घेतलं अन् समोरच्या गावात, हरिसालले, एका किराण्यासमोर सोडलं. तिथं बिस्किटाच्या बाजूले पेट्रोलच्या बाटल्या. थंड्याच्या बाटलीत पिवळं पेट्रोल, ओळीनं.

दुकानात एक कोरकू बाई. मी म्हटलं, "मावशी, सब दे दो."

"सब? कित्ती मोटरसायकल है?"

"कार है."

ती हसाले लागली. तिनं आतमधे कोणालेतरी कोरकूत सांगतलं, अन् आतलं माणूसही हसलं. "कारवाला पहली बार आया," ती म्हणे. "मोटरसायकलवाला आता है, उसका काटा नहीं रहता. तुम्हारा तो रहता है ना?"

"रहता है मावशी. रहता ही रहता है."

तिनं दाम चढा लावला. लावाच लागन. जंगलात येणाऱ्या अशा लोकायसाठी दर वेगळाच पाह्यजे. वापस जाताना एका पोराच्या मोटरसायकलवर बाटल्या मांडीत धरून बसलो, पेट्रोलच्या वासानं डोकं भणभण. पोचलो तं मोठे बाबा बोनट उघडून उभे, अन् पेट्रोल टाकल्यावर गाडी सुरू झाली तसे म्हणतात कसे, "बोनट मीच उघडलं, हवा लागली, तवा सुरू झाली."

धारणी

मामाचं घर पंपाच्या अलीकडे, पण मी दादाले पहिले पंपावरच न्याले लावलं. आता तरी फुल करा. बुढा फसला होता, आयकन असं वाटलं.

आयकलं नाही. पण या वेळी त्यायनं जे कारण देल्लं ते मी जलमभर सांगीन.

"काटा अर्धं दाखवते न?" मोठे बाबा म्हणे. "मंग अर्धीच भर. काटा खरा झाला."

पंपावरच्या माणसानं हातातली नळी खाली केली अन् त्यायच्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "भाऊ, पाहू नको, टाक." मंग मी समजावून पाह्यलं. काटा मेला असला तं एकदा टाकी फुल कराची, नळी स्वतः टक करून थांबते तिथं थांबाचं, वरून ठुसाचं नाही. ट्रिपचं मीटर शून्यावर आणाचं, अन् मंग काट्याकडे नाही, किलोमीटरकडे पाहाचं. अर्धी झाली असन असं वाटलं का पंप शोधाचा, तळाले जाईपर्यंत नाही, कारण तळातला गाळ गाडीच्या पंपात जाते अन् मंग मिस्त्री नाचवते.

"तूच मिस्त्री हो मंग," मोठे बाबा म्हणे. "कापड काहून मोजतं?"

मीटर शून्यावर आणाचं बटन दादानं दाबलं मात्र. गपचूप. मी पाह्यलं.

मामा अंगणात उभा होता. मामाले कोणतीच गोष्ट सरळ सांगता येत नाही. "या, या. आगमन विलंबाने झाले." आमी पाय धुतले. जेवणात वांग्याची भाजी अन् चुलीवरचे रोडगे, तुपात बुडवलेले. मामीचा हात असा का मामाचं बोलणं माफ करावं. मामानं दादाले परीक्षेत बसवल्यावाणी सांगतलं, "उद्या मुलीसमोर मोजकेच बोलायचे. प्रश्नोत्तरे मी अन् दाजी सांभाळू." दादानं मान हलवली. मोजकं बोल म्हणणं म्हणजे बहिऱ्याले हळू आयक म्हणणं.

संध्याकाळी आमी गावात फेरी मारली. बाजारात मोहाचा वास, टोपल्यात सीताफळं, कोरकू बाया, हिंदी, मराठी, कोरकू सगळं एकाच वाक्यात. लोकं लय साधे अन् मोकळे. आमच्या मोर्शीत अनोळखी माणूस दिसला का पहिले त्याचं वावर किती ते इचारतात, इथं जेवला का ते इचारलं. वापस आलो तं अंगणात गाडी नव्हती. थोड्या वेळानं मामा गाडी घेऊन आला, गेट लावलं, चावी दादाच्या हातात देल्ली.

"जरा कार्य होते," मामा म्हणे.

अकोट रोड

सकाळी लवकर निघालो. अकोल्यावरून पोरीच्या बापाचा फोन येऊन गेलता. पोरगी, पल्लवी, एका दवाखान्यात रक्त तपासाच्या लॅबमधे कामाले. दुपारची ड्युटी. "बारापर्यंत या म्हणजे बरं," तिच्या बापानं सांगतलं. "मंग तिले निघा लागन." दादानं मोबाईलवर पल्लवीचा फोटो परतवाड्यापर्यंत तीन-चार डाव पाह्यला. अशा जागा त्याले आता येतच नव्हत्या. शेतीवाला म्हटलं का पोरीवाले चहाही अर्धा पेऊन उठतात. ही पहिली होती जिनं बापाले सांगतलं होतं, "शेतीवाला असू दे, माणूस पाहू."

परतवाडा गेलं. अंजनगावच्या पानाचे मळे गेले, हिरवेगार, सावलीतले. केळीचे ट्रक गेले. अकोटले कपाशीच्या गाड्यांची रांग लागलेली. मी ट्रिपचं मीटर पाह्यलं. शून्य करून निघालो ते धारणीवरून, अन् मीटर तं धारणी ते अकोट अंतरापेक्षा कितीतरी जास्त दाखवून राहिलं होतं.

"दादा, हे काय?"

दादानं पाह्यलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं मोठ्या बाबाकडे पाह्यलं.

"अकोटले भरू," मी म्हटलं.

"बाराले पोचाचं हाये. पंपावर रांग असते," मोठे बाबा म्हणे. "काल तं भरलं."

"आत्ताच तर पूर्ण... म्हणजे अर्धे भरले आहे," मामा म्हणे.

दादा गाडी चालवत राहिला. मले सांगाचं हाये ते इथंच सांगतो. गाडी काट्यानं बंद पडली नाही. गाडी चार माणसं बसले होते त्याच्यातल्या एकानंही थांब म्हटलं नाही म्हणून बंद पडली. मी म्हटलं, पण मी लहान, माहं मोजत नाहीत.

चोहोट्टा बाजार ओलांडला अन् हिचकी आली. आता मी त्या हिचक्यायले नावानं वळखत होतो.

तुरीच्या वावराजवळ गाडी थांबली. अकरा वाजून गेले होते. दादा उतरला, बोनट उघडलं नाही, दार आपटलं नाही, फक्त उभा राहिला.

"मामा," मी म्हटलं, "काल संध्याकाळी गाडी कुठे गेलती?"

"अहो, शाळेतले दोन सहकारी होते, त्यांना त्यांच्या गावी सोडले. मग त्यांच्या सासुरवाडीला एक निरोप होता. रस्ता मात्र खराब हो. मग येताना आमचे मुख्याध्यापक..." मामानं छाती पुढं काढली. "पण काटा होता तिथंच ठेवला!"

मोठ्या बाबाले या उत्तरात काहीच चूक दिसली नाही. ते मान हलवून म्हणे, "तेच तं. मंग पेट्रोल गेलं कुठे?"

मी हसलो. मले हसू आवरेना. रस्त्याच्या कडेले बसून हसलो. दादा हसला नाही.

मोठ्या बाबानं फोन लावला. "हो साहेब, निघालोच हावो. काय हाये, ट्राफिक लय लागली. अकोट रोडले. हो न, बैलगाड्या अन् सगळं."

रस्त्यावर एक कुत्रं होतं. तेही बसलेलं.

अकोटवरून बस येताना दिसली. दादानं हात देल्ला.

"ये, काय करून राहिला?" मोठे बाबा म्हणे.

"जातो."

"एकटा? पोरगी पाहाले एकटा कोणी जाते का? लोकं काय म्हणतीन! मामाशिवाय?"

"शास्त्राला धरून नाही ते," मामा म्हणे.

बस थांबली. दादा चढला. नवा शर्ट, मांगून घामानं चिकटलेला, अन् हातात काहीच नाही, संत्र्याची पेटीही आमच्याजवळच राहिली. मी धावलो अन् चालत्या बसच्या खिडकीतून चार संत्रे आत टाकले. कंडक्टरनं मले शिव्या देल्ल्या.

मोठे बाबा बसच्या धुळीकडे पाहत उभे राहिले. "बोलन काय तो तिथं?" असं स्वतःलेच म्हणे. "त्याले बोलता येते का?"

आमाले एका टॅक्टरवाल्यानं दोर बांधून ओढलं, तेही उलट्या दिशेले, चोहोट्ट्याच्या पंपापर्यंत. बाजाराचा दिवस असावा तशी गर्दी, सगळे पाहून राहिले. मामानं तोंडावर पेपर धरला. तो पेपर उलटा होता.

अकोला

आमी पोचलो तवा दीड वाजून गेलता. पोरीचा बाप दारात. साधा माणूस, पांढरा लेंगा, डोळ्यावर चष्मा. त्यायनं आमाले बसवलं. पोहे गार झाले होते, चहा परत केला.

"पोरगी गेली ड्युटीले," ते म्हणे. "पण तुमचा मुलगा चांगला बोलला बुवा."

मोठ्या बाबाच्या हातातली बशी वाजली. "कोण? गजू?"

"हो."

"आमचा गजू? बोलला?"

"अर्धा घंटा बोलला. पोरगीही बोलली. आमी तं आतमधी होतो."

मामानं विचारलं, "निर्णय काय झाला?"

"तो त्यायचा त्यायलेच माहीत. पोरगी म्हणे, मी नंतर सांगीन."

मोठ्या बाबाले हे समजेना का त्यायच्याशिवाय कार्यक्रम झालाच कसा. पोरगी पाहाचा कार्यक्रम अन् त्यायनं एकही प्रश्न नाही इचारला! "स्वयंपाक येते का?" हे त्यायच्या पोटातच राहिलं. उरलेले संत्रे देऊन आमी निघालो.

दादा गल्लीच्या तोंडाशी पानटपरीजवळ उभा होता. मोठे बाबा अन् मामा मांगं चालत येत होते, तवर मी त्याले गाठलं.

"काय झालं?"

"ती म्हणे, गाडी हाये म्हणता, मंग बसनं काहून आले?"

"मंग?"

"सगळं सांगतलं. काटा, शेजारचा, जंगल, मामा. ती लय हसली." दादाच्या तोंडावर हे सांगताना एक वेगळाच उजेड आला, अन् लगेच गेला. "मंग म्हणे, एवढ्या लोकायनं गाडी नेली, कोणालेच नाही म्हटलं नाही का? मी म्हटलं, आमच्या घरी नाही म्हणत नाहीत. ती म्हणे, तुमी? मी म्हटलं, मी तं कोणालेच नाही म्हटलं नाही अजून."

"अन्?"

"मंग ती हसली नाही. म्हणे, लग्न झाल्यावर तुमच्या घरचं कोणी म्हटलं का हिनं नोकरी सोडावी, तं तुमी काय म्हणसान?"

मी दादाकडे पाह्यलं. "काय म्हटलं तुनं?"

"काहीच नाही. म्हणता आलं नाही. म्हणजे, मले म्हणाचं होतं. पण खोटं वाटलं असतं न. मी कधी म्हटलंच नाही तं तिनं काहून मानावं?" त्यानं टपरीवरच्या चुन्याच्या डबीवर नख घासलं. "ती म्हणे, तुमी खोटं बोलले नाही हे बरं केलं. उत्तर सापडलं का फोन करा. होय का नाही, तवाच सांगीन. नंबर देल्ला."

असं बोलणं मी दादाच्या तोंडून आयुष्यात आयकलं नव्हतं. लांबी पाहून मलेच दम लागला.

गाडी पंपावर नेली. या वेळी मी काही बोललो नाही, कारण माहं मोजत नाहीत. दादानं खिडकी खाली केली अन् पंपवाल्याले म्हटलं, "फुल." मोठ्या बाबानं बाजूच्या सीटवरून घसा खाकरला. पंपवाल्यानं शून्य दाखवलं, दादानं पाह्यलं. टक झालं तवा नळी काढली. ट्रिपचं मीटर शून्य केलं.

आता सगळ्यायले घरी जाचं होतं, अन् मामाले धारणीले. मामानं टाकी फुल झालेली पाह्यली. त्याचा चेहरा असा खुलला का मले वाटलं पगार झाला.

"मी काय म्हणतो दाजी," मामा म्हणे, "गाडी मीच घेऊन जातो धारणीला. येत्या आठवड्यात कोणाच्या तरी हाती पाठवतो. तुम्ही इथून अमरावतीची बस धरा, बसा निवांत. आमच्याकडे एक-दोन लग्नपत्रिका वाटायच्या आहेत."

मोठ्या बाबाले यात इचार कराचं काहीच नव्हतं. मामा म्हणजे मामा. "घेऊन जाय न. गजू, चावी दे."

गाडीच्या मांगं एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पंपवाला म्हणे, "समोर घ्या हो साहेब."

दादा गाडी समोर घेऊन, हवा भराच्या मशीनजवळ थांबला. उतरला. मामाची पिशवी बाहेर काढली, मामाच्या हातात देल्ली. मामानं हात चावीसाठी समोर केला होता, त्यात पिशवी आली.

"नाही," दादा म्हणे.

"काय?"

"नाही, मामा. गाडी भेटणार नाही. धारणीची बस हाये, मी बसवून देतो."

मोठ्या बाबाच्या तोंडातून आवाज निघाला तो शब्द नव्हता. मी गावात मयती पाह्यल्या, मारामाऱ्या पाह्यल्या, ग्रामपंचायतीची निवडणूक पाह्यली, पण मामाले कोणी 'नाही' म्हटलेलं कधी आयकलं नव्हतं. मामाचा चेहरा लाल, मंग पिवळा, मंग मास्तरासारखा. "दाजी, हे तुमचे संस्कार!"

"गजू, मामा हाये तो. लग्नात त्याच्याशिवाय..." मोठे बाबा म्हणे.

"माहीत हाये बाबा," दादा म्हणे. चावी त्यानं खिशात घातली अन् खिशावर हात ठेवला, जशी काही ती उडून जाईन.

मोठे बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मंग गाडीत जाऊन मांगं बसले. समोर नाही, मांगं. मामा पिशवी घेऊन पंपाच्या गेटाकडे चालाले लागला, तीन पावलं गेला का मांगं वळून पाहाचा, कोणी समजवाले येते का. कोणी गेलं नाही. मीच गेलो शेवटी, त्याले स्टँडवर बसवाले, कारण म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाले उन्हात एकटं सोडावं तेवढा नालायक मी नाही. पण गेटातून मी वळून पाह्यलं.

दादा हवेच्या मशीनमांगं, सावलीत गेला होता. मोबाईल कानाले. तिकडून उचलाले वेळ लागला असन, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊन राहिला होता. मंग तो एकदम ताठ उभा राहिला.

"हो, मी गजानन," तो म्हणे. "आत्ताच म्हटलं. हो... मामाले." मंग थोडं थांबून, लाजून, पण रस्त्यावर आयकू येईन एवढ्या मोठ्यानं, "नाही नाही, चुलत नाही हो. सख्ख्या मामाले."